पालथी वाटी

काल दुपारी वरणाला फोडणी देत होते, तेव्हा अंटार्क्टिकाहून फोन आला.

माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी ट्रंककॉल आला की घरातली माणसं आधी रडायला लागत आणि मग फोन घेत. लांबचा फोन म्हणजे वाईटच बातमी. आता पृथ्वीच्या टोकावरून फोन येतो आणि हातातली पळीसुद्धा खाली ठेवावी लागत नाही.

“आजी, मी ईरा सोनटक्के. शिशिर केंद्रावरून बोलतेय. जेवण झालं का तुमचं?”

इतक्या लांबून पहिला प्रश्न जेवणाचा, म्हणजे मुलगी आपल्याकडचीच. मी म्हटलं, “होतंय. तू बोल.”

“तुमच्या वेळचं कोठार जळलं होतं ना, त्याच्या मागचा बर्फ या उन्हाळ्यात सरकलाय. तिथं वाट्या सापडल्यात. स्टीलच्या. भरलेल्या.”

मी शेगडी बंद केली.

“आजी, ऐकताय ना? इथला नियम तुम्हाला माहीत आहे. माणसानं आणलेलं काही मागं ठेवायचं नाही, सगळं परत न्यायचं. पण या वाट्या काय म्हणून न्यायच्या, यावरून आमच्यात भांडण चाललंय. निम्मे म्हणतात, हे उरलेलं अन्न आहे, जहाजाच्या भट्टीत टाका. निम्मे म्हणतात, मानवी अवशेष. अवशेष असतील तर पेटीत घालून वारसाच्या ताब्यात द्यावे लागतात. आणि वारस…” ती अडखळली. “म्हणजे, तुमच्या तुम्हीच.”

“म्हणजे मयतही मीच आणि वारसही मीच.”

पलीकडे दाबलेलं हसू. “सॉरी, आजी.”

“हस गं. चाळीस वर्षांत या गोष्टीवर कुणी हसलं नाही.”

“मग काय सांगू यांना? अन्न की अवशेष?”

“संध्याकाळी सांगते. आणि सगळं उकरून झालं की मला एक फोटो पाठव.”

वरण तसंच राहिलं. मी खिडकीपाशी जाऊन बसले.

*

शिशिर केंद्र समुद्रापासून फार आत, बर्फाच्या पठारावर होतं. पेंग्विन, सील वगैरे सगळं किनाऱ्यावर. आत एक मुंगीसुद्धा नाही. हिवाळ्यात तिथं विमान उतरू शकत नाही. थंडी अशी की विमानातलं इंधन तुपासारखं थिजतं. मार्चमध्ये शेवटचं विमान गेलं की नोव्हेंबरपर्यंत आम्ही आठ जण आणि वारा.

माझा नवरा यशोधन बर्फाचा अभ्यासक. लाखो वर्षांपूर्वीची हवा बर्फात बुडबुड्यांच्या रूपानं अडकलेली असते, ती तो मोजायचा. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. उंच, सावळा, हसला की डावा डोळा बारीक व्हायचा. त्याची एक खोड होती. जेवण झालं की वाटी बोटानं निपटून पालथी घालायची. “माझ्या आजीचा वाढता हात थांबतच नसे,” तो सांगे, “वाटी पालथी घातली तरच तिला पटायचं की पोट भरलं.” आमच्याकडे पालथं भांडं अशुभ. मी प्रत्येक वेळी ती सरळ करायचे, आणि तो प्रत्येक वेळी “अगं, पोट भरलं!” म्हणत पुन्हा पालथी घालायचा. आमचं भांडण म्हणाल तर तेवढंच.

मी केंद्रावरच्या हंड्या सांभाळायचे. हंडी हे आमचं नाव. खरं नाव पेशीपात्र. आज ती गावोगावच्या खाणावळीत दिसते, तेव्हा नवी होती, म्हणून थोडं सांगते. पवनचक्कीच्या विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढायचा. काही जिवाणू हायड्रोजन खाऊन जगतात. त्यांना तो द्यायचा, हवेतला नायट्रोजन द्यायचा, आणि आमच्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड. त्यातून त्यांची पिवळट, दाट खळ तयार होते. खळीत प्रथिनं पुष्कळ, पण माणसाला ती थेट खाता येत नाही. भराभर वाढणाऱ्या जिवाणूंमध्ये न्यूक्लिक आम्लं ठासून भरलेली असतात. आपल्या शरीरात त्यांचं यूरिक आम्ल होतं, सांधे सुजतात, मूत्रपिंडं बसतात. म्हणून ती खळ फोडून, पातळ करून दुसऱ्या पेशींना खाऊ घालायची. बोकडाच्या नाहीतर कोंबडीच्या स्नायूतल्या जिवंत पेशी हंडीत सोडल्या की त्या तिच्यावर वाढत जातात, एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि तीनेक आठवड्यांत हंडीभर मांस होतं. ना बोकड मारायचा, ना कोंबडी.

पण विरजण लागतं. दही संपवताना चमचाभर मागं ठेवावं लागतं, तसंच. आणि तेच विरजण जन्मभर चालत नाही. पेशी ठरावीक वेळा दुभागल्या की म्हाताऱ्या होतात. मग कोठारातल्या अतिथंड पिंपातून ताज्या पेशी आणायच्या.

हंडीतून निघालेलं मांस सुभानभाईच्या हवाली व्हायचं. सुभान तडवी, यावलकडचा, आमचा स्वयंपाकी. त्याच्याकडे खानदेशी काळ्या मसाल्याचा एक मोठा डबा होता आणि त्याला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. “भाभी, तुमच्या हंडीतल्या मांसाला ना आई ना बाप,” मला तो म्हणायचा. “चव आणतो तो माझा मसाला.”

त्या वर्षी जुलै संपता संपता श्रावण लागत होता. एक गंमत सांगते. घरी असताना ज्यांनी कधी श्रावण पाळला नव्हता, ते सगळे तिथं पाळायला निघाले. घरापासून लांब गेलं की माणूस घरातल्यांपेक्षा जास्त घरचा होतो.

“म्हणजे महिनाभर माझी चूल उपाशी ठेवणार तुम्ही?” सुभानभाई वैतागला. “बर्फात कुठला आला श्रावण? एक पान तरी हिरवं दाखवा मला.”

“पान नाही, पण कॅलेंडर आहे,” यशोधन म्हणाला.

“कॅलेंडर शिजवून खा मग.”

पण गटारी त्यानंच दणक्यात केली. दोन्ही हंड्या तळापर्यंत रिकाम्या केल्या. एका हंडीचं सुकं, एकीचा रस्सा. रॉबी तुस्कानो, आमचा वसईचा मेकॅनिक, ख्रिस्ती असून सगळ्यांत जास्त जेवला. “तुमचा श्रावण, माझी फक्त गटारी,” म्हणाला. दुसऱ्या दिवशी हंड्या वाफेनं धुतल्या, कोरड्या केल्या आणि महिनाभरासाठी पालथ्या घातल्या. विरजण कोठारात होतंच. दुसऱ्या कुठल्या देशाच्या केंद्रावर हे झालं नसतं. त्यांना श्रावण नाही.

दुसऱ्या आठवड्यात कोठाराला आग लागली. तिथली हवा कमालीची कोरडी, आणि वारा. आग विझवायला पाणी म्हणावं तर बर्फ वितळवून करायचं. सुभानभाई आत शिरला आणि पिठाचं एक पोतं घेऊन आला. मग दुसरं घेऊन आला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा छत खाली आलं. धान्य, तेल, डबे, विरजणाचं पिंप, सगळं गेलं.

त्याला आम्ही कोठाराच्या मागं बर्फात ठेवलं. रॉबीनं सुभानभाईच्या मोबाइलमध्ये नमाजाची वेळ बघितली आणि त्या वेळी टोपी घालून उभं राहायचं ठरवलं. आम्हीही उभे राहिलो.

*

त्यानंतरचं मी भराभर सांगणार आहे. भूक रंगवून सांगायची गोष्ट नाही.

मदतीचं विमान दोनदा निघालं आणि वादळातून दोनदा परतलं. तिसऱ्यानं वरून खोकी टाकली. ती वाऱ्यानं कुठं नेली ते आजवर कळलं नाही. दोन पोती अर्ध्यावर आली तेव्हा केंद्राच्या प्रमुख भोगले मॅडम यांनी आम्हाला जेवणघरात बोलावलं. त्या डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, कधी आवाज न चढवणाऱ्या.

“मी एकदाच बोलणार आहे,” त्या म्हणाल्या. “हे पीठ नोव्हेंबरपर्यंत पुरणार नाही. बाहेर सुभान आहे. मी काही सुचवत नाहीये. पण हा विचार प्रत्येकाच्या मनात एकटाच फिरण्यापेक्षा इथं टेबलावर असलेला बरा.”

मग रॉबी हळूच म्हणाला, “मॅडम, तो माझ्या चहात साखर जास्त घालायचा. न सांगता.”

“त्याला आता काही दुखणार नाही,” यशोधन म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मीसुद्धा.

“आणखी एक मार्ग आहे,” मी म्हटलं. “हंड्या चांगल्या आहेत. वीज आहे. खळ आहे. फक्त विरजण नाही.”

“विरजण कुठून आणणार?” मॅडमनी विचारलं. “बाहेर आहे तो…”

“त्याच्या पेशी नाही चालणार. नुसत्या गोठल्या की त्या आतल्या आत फुटतात. जिवंत माणसाच्या लागतील. मांडीतून जिऱ्याएवढा तुकडा. टाकाही पडणार नाही.”

मग सगळ्यांना समजलं. रॉबीचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग, काय झालं कोण जाणे, तो हसला. “आम्ही दर रविवारी चर्चमध्ये हेच ऐकतो. घ्या, हे माझं शरीर आहे. लहानपणी मी आईला विचारायचो, चावायचं का नुसतं गिळायचं? मार खायचो.”

त्या दिवसांत आम्ही हसलो ते तेवढंच.

सगळ्यांना ते एकदम बरं वाटलं. सुभानभाईला हात लावायचा नव्हता, कुणाला मरायचं नव्हतं, कुणाला मारायचं नव्हतं. मॅडमनी तिघांचे तुकडे घेतले, त्यांचा स्वतःचा, रॉबीचा आणि माझा. यशोधनही पुढं आला होता, पण त्याला मधुमेहाची सुरुवात होती. मॅडमच्या पेशी वाढेनात, वय झालं होतं. रॉबीच्या हंडीत बुरशी झाली. माझ्या धरल्या. आई म्हणायची, ओवीच्या हातचं विरजण कधी फसत नाही.

त्या दिवशी यशोधन आमच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता.

“सुभानचं मी खाईन, ओवी. तुझं नाही खाणार.”

“अरे, मला काय झालंय? मी चालतेय, बोलतेय. मांडीवर चिकटपट्टी आहे, एवढंच.”

“म्हणूनच. सुभान गेला. तू पुढं जन्मभर माझ्यासमोर बसणार आहेस.” मग म्हणाला, “तुझ्या दंडावर डोकं ठेवून झोपतो मी. तेच वाटीत वाढून घेऊ?”

“यंत्रातलं मांस आहे ते. माझं म्हणायला फक्त विरजण.”

“विरजण ज्याचं, दही त्याचं,” तो म्हणाला.

मला राग आला होता. आता येत नाही. मी त्याच्या जागी असते तर? त्याच्या मांडीचा तुकडा धरला असता आणि मला वाढला असता, तर मी खाल्ला असता का? वर्षानुवर्षं विचार करूनही मला याचं उत्तर सापडलेलं नाही.

*

हंडी तयार झाली तोवर आमच्या गालांची हाडं वर आली होती. एकानं हट्टानं नुसती खळ प्यायली. त्याचे गुडघे नारळाएवढे सुजले. पहिल्या दिवशी मी स्वतः शिजवलं. सुभानभाईचा डबा स्वयंपाकघरात होता म्हणून वाचला होता. तो उघडताना हात थबकला, मग मी दोन चमचे काळा मसाला घातला. चव कशी होती ते मी कुणाला सांगितलेलं नाही, आजही सांगत नाही. त्याच्या हाताची होती, एवढंच.

सगळे खाली मान घालून जेवले. मीही जेवले. मी मलाच खाल्लं, आणि भूक अशी असते की त्यात मला काही वेगळं वाटलं नाही. वेगळं वाटलं ते नंतर, मान वर केली तेव्हा. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं.

यशोधननं वाटी उचलली. “मी बाहेर, सुभानभाईच्या सोबतीला बसून खातो. इथं तुझ्या देखत नाही जमायचं.”

मला बरं वाटलं. कसं का होईना, खातोय. रोज दुपारी सूर्य क्षितिजाच्या जरा वर यायचा तेव्हा तो वाटी झाकून बाहेर जायचा, आणि थोड्या वेळात नाक लाल करून परत यायचा. आठ माणसांसाठी कुणीतरी शंभर वाट्या पाठवल्या होत्या. एखादी कमी झाली तर कुणाला कळणार? “खाल्लंस?” मी विचारायचे. तो मान हलवायचा. मी समाधान मानायचे. बाकीच्यांच्या अंगात हळूहळू धर येत होता, त्याच्या येत नव्हता. मला वाटायचं, मधुमेह.

एक दिवस तो परत आला नाही. मी आणि रॉबी धावलो. तो सुभानभाईच्या शेजारी कुशीवर पडला होता आणि त्याच्या हाताशी भरलेली वाटी होती. पलीकडे भुरभुरीत बर्फातून आणखी दोन वाट्यांचे काठ डोकावत होते. त्यापलीकडच्या वाऱ्यानं पुरल्या होत्या. मी उकरलं नाही. समजायला काठ पुरेसे होते.

त्याला आत आणलं. शुद्धीवर आल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि लहान मुलासारखा म्हणाला, “रागावू नको.”

“तू मेलास तर मी काय करू?”

“तू जगशील. तू सगळ्यांना जगवते आहेस.”

मी वाटी घेतली. भाकरीचा शेवटचा तुकडा होता, तो रश्शात कुस्करला. लग्नात घास भरवताना यानं माझं बोट चावलं होतं आणि सगळा मांडव हसला होता. माझ्या मावशीनं त्यावरून त्याला कितीतरी वर्षं चिडवलं. मी म्हटलं, “यशो, तोंड उघड.”

त्यानं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि तोंड उघडलं. घास त्यानं नुसत्या ओठांनी घेतला, माझ्या बोटांना दात लागणार नाहीत अशा बेतानं. त्यानंतर रोज मी भरवलं आणि रोज त्यानं तसाच घेतला.

नोव्हेंबरात विमान आलं. आम्ही सातच्या सात जण जिवंत होतो. सुभानभाईला पेटीतून सोबत नेलं.

*

परत आल्यावर जगानं आमचं कौतुक केलं आणि मग विचारायला सुरुवात केली. माणूस माणसाला खाईल का? तुम्ही जे खाल्लं ते नरमांस म्हणायचं का? मोठमोठे लोक टेबलाभोवती बसून यावर बोलत. विचारणाऱ्यांची पोटं भरलेली असत. मी एकदाच उत्तर दिलं, “भूक लागली की खाल्लं जातं. प्रश्न जेवण झाल्यावर सुरू होतात.”

ते मी आमच्यावरून सांगत होते. आम्हा सात जणांत कुणी कुणाला दोष दिला नाही. पण माझ्या घरी पुन्हा कुणी जेवायला आलं नाही. भोगले मॅडमनी नोकरी सोडली; दिवाळीला त्यांचा निरोप यायचा, त्या कधी आल्या नाहीत. रॉबी दर नाताळला केक पाठवायचा. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी वसईला गेले. त्यानं मला पहिल्या टेबलावर बसवलं, सगळ्यांना सांगितलं, “ही आहे म्हणून मी आहे.” मग जेवण आलं. तो समोर बसला, चमचा उचलला, माझ्याकडे बघितलं, चमचा ठेवला. “जरा पाहुणे बघतो,” म्हणाला आणि उठून गेला. मी वाढलेलं सगळं खाल्लं आणि संध्याकाळच्या गाडीनं मिरजेला परतले.

यशोधन मिरजेच्या कॉलेजात शिकवायला लागला होता. आम्ही एकाच घरात राहिलो, जवळजवळ चाळीस वर्षं, त्याच्या मरणापर्यंत. त्याच्यासारखा नवरा नाही, असं शेजारणी म्हणायच्या. सकाळचा चहा तो करायचा. मला ताप आला की उशाशी बसायचा. पण त्यानं पुन्हा माझ्या दंडावर डोकं ठेवलं नाही.

परतल्यानंतरच्या पहिल्या पाडव्याला मी पाट मांडला, त्याला ओवाळलं. ओवाळणी घालायला म्हणून तो वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मग त्यानं दोन्ही हात माझ्या पावलांना लावले आणि कपाळाला नेले.

“अरे, हे काय करतोस!” मी पाय मागं घेतले.

त्याचे डोळे भरले होते. दुसऱ्या दिवशी त्यानं त्याची गादी पलीकडच्या खोलीत घातली. मी समजले. ज्या अंगानं भरवून जगवलं, ते अंग बायकोचं राहत नाही. मूल झालं नाही आम्हाला. ते आता होणारही नव्हतं.

मी स्वतःशी एक हिशोब घातला होता आणि त्यावर जगले. माझ्यासकट सहा जणांनी मला खाल्लं. सातव्याला मी खायची वस्तू नव्हते. तो उपाशी मरायला तयार झाला, पण माझा घास घेईना. अखेर खाल्लं ते मी भरवलं म्हणून. मी मोडलं त्याला. नवरा गेला तर गेला, पण जगात एक माणूस असा होता की ज्यानं आपण होऊन मला तोंडात घातलं नाही. ज्या बायकांना भरलेला संसार मिळतो त्यांना हे कळणार नाही. मला ते पुरत होतं.

गेल्या वर्षी तो अंथरुणाला खिळला. मी चमच्यानं पेज भरवायचे. चमचा होता, तरी ओठ तसेच, जपून. एका दुपारी म्हणाला, “ओवी, तुला एक सांगायचं राहिलंय.”

“सांग ना.”

तो बराच वेळ बघत राहिला. डावा डोळा थोडा बारीक झाला. “राहू दे. पेज छान झालीये.”

चार दिवसांनी गेला.

*

संध्याकाळी ईराचा फोटो आला आणि पाठोपाठ फोन.

बर्फ कापून खाच केली होती. आत वाट्यांची रांग. ज्या दिवशीची त्या दिवशी ठेवलेली, नीट, एकीला एक लावून. प्रत्येकीत काळपट तांबडा रस्सा काचेसारखा गोठलेला, वर तेलाचा तवंग जसाच्या तसा. मी आता पंचाहत्तरीला आले. त्या वाट्यांमध्ये मी अजून पस्तिशीचीच होते.

रांगेच्या मध्यावर एक वाटी पालथी होती.

“ती बघितलीत का, आजी?” ईरा म्हणाली. “आम्हाला वाटलं वाऱ्यानं उलटली असेल. पण तसं असतं तर खाली सांडलेलं गोठलं असतं ना? उचलून बघितली. खाली काही नाही. वाटी एकदम स्वच्छ. बोटानं निपटल्यासारखी. आतून बोटाच्या रेघासुद्धा दिसतायत.”

मी फोटो मोठा केला. लहान केला. पुन्हा मोठा केला.

“आजी?”

म्हणजे एका दुपारी त्याच्यानं राहवलं नव्हतं. मी भरवण्याच्या किती आधी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. बर्फात वाऱ्याकडे पाठ करून बसला असेल, हातमोजा काढून, घाईघाईनं. सगळं संपवलं. रेघा उमटेपर्यंत बोट फिरवलं. आणि मग सवयीनं, नुसत्या सवयीनं, वाटी पालथी घातली. पोट भरलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेली ठेवली. मला वाटत होतं मी मोडलं त्याला. तो त्या दुपारीच मोडला होता आणि तरी पुन्हा उपाशी राहून बघत होता. पाडव्याला पायांना हात लागले होते ते कशासाठी, हे आता कळलं. मला काय वाटून मी जगतेय, हे त्याला माहीत होतं. म्हणून चाळीस वर्षं बोलला नाही. मरताना बोलणार होता, तेव्हाही माझ्याकडे बघून त्यानं ते गिळलं.

सातही जणांनी, तर. आपण होऊन. एकसुद्धा सुटला नाही.

मी तशीच बसले. स्वयंपाकघरात दुपारचं वरण गार पडलं होतं. मग माझ्या डोळ्यांसमोर ती पाठ आली. थंडीत वाकलेली, हाडं मोजावीत अशी, वाटीवर झुकलेली. किती भूक लागली असेल त्याला. आणि ते गोठण्याआधी, गरम असताना मिळालं का त्याला, एवढाच विचार मनात राहिला.

“आजी, लाइन आहे ना? हे सगळे थांबलेत. काय सांगू? अन्न की अवशेष?”

“जेवण म्हणून सांग,” मी म्हटलं. “तो जेवला होता.”

“कोण, आजी?”

“माझा नवरा.”